एक कुटुंब, एक कागद : ग्रामीण पोस्टिंगमध्ये मिळून काम करायला कसे शिकावे

उपकेंद्रात गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस होता आणि तीन महाविद्यालयांचे विद्यार्थी हजर होते. एमबीबीएसच्या इंटर्नने सातव्या महिन्यातल्या एका बाईंचा रक्तदाब मोजला आणि कार्डावर १४४/९४ असे लिहिले. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला त्यांच्या पायांवर सूज दिसली. तिने ती स्वतःच्या केसबुकात नोंदवली, कारण महाविद्यालयात दाखवायची वही तीच होती. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने रक्तवाढीच्या गोळ्या नीट मोजून दिल्या. मुकादमाकडून उचल घेतलेले हे कुटुंब दोन दिवसांनी ऊसतोडीला निघणार आहे, हे आशाताईंना ठाऊक होते, पण त्यांना कोणी विचारले नाही. वाढलेला रक्तदाब आणि पायांवरची सूज एकत्र असताना लघवीतील प्रथिने तपासावीत, असे कोणालाच सुचले नाही आणि बाई घरी गेल्या. संध्याकाळी चहाच्या वेळी सिस्टरांशी बोलताना हे सगळे तुकडे केवळ योगायोगाने एकत्र आले, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या बाईंना ग्रामीण रुग्णालयात नेता आले. त्या गटाबरोबर शिक्षक म्हणून मी होतो आणि चूक प्रामुख्याने माझीच होती : मी प्रत्येकाला वेगळे काम वाटून दिले होते, आणि ती कामे शेवटी कोठे जुळायची हे मात्र ठरवले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० सालच्या आराखड्यात आंतरव्यावसायिक शिक्षणाविषयी असे म्हटले आहे की, दोन किंवा अधिक व्यवसायांतील विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे. यांतले ‘सोबत’ एका जीपमध्ये बसवले की साधते आणि ‘विषयी’ पुस्तकातही सापडते. अडते ते ‘कडून’पाशी. शेजारी बसलेल्याला आपल्यापेक्षा वेगळे आणि उपयोगाचे काही ठाऊक आहे, हे पटण्यासाठी जे काम एकट्याने पुरे होतच नाही असे एखादे काम हाती असावे लागते. ग्रामीण पोस्टिंगमध्ये अशी कामे दारोदार सापडतात, म्हणून तेथे हे शिकणे सोपे जाते. पुढील मार्गदर्शन मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी आहे. शिक्षकांसाठी काही मजकूर शेवटाकडे आहे.

जाण्यापूर्वी

पहिली अडचण वेळापत्रकाची असते. एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकाचे १२ आठवडे असतात, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे सामुदायिक आरोग्याचे पोस्टिंग वेगळ्याच महिन्यांत येते, आणि फिजिओथेरपीचे इंटर्न अनेकदा गावापर्यंत पोहोचतच नाहीत. हे तिन्ही अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत, तर औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये इतर विद्यापीठांशी किंवा तंत्रशिक्षण मंडळाशी जोडलेली आहेत. त्यामुळे तारखा आपोआप जुळतील अशी आशा ठेवू नये. सामुदायिक वैद्यक विभागातील शिक्षकांना आणि नर्सिंग महाविद्यालयातील सामुदायिक आरोग्याच्या शिक्षिकांना दोन-तीन महिने आधीच भेटून, निदान दहा कामाचे दिवस सर्वांचे एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात येतील एवढे ठरवून घ्यावे. गट पाच-सहा जणांचा पुरे. त्याहून मोठा गट घराच्या ओसरीवर मावत नाही आणि आपसांतच बोलत राहतो.

ज्या व्यवस्थेत तुम्ही पाहुणे म्हणून जाणार आहात तिची रचना आधी समजून घ्यावी. सपाट भागात सुमारे ३०,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखाली अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, आणि साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा, असे प्रमाण धरलेले आहे. केंद्रात वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सहाय्यक व सहाय्यिका, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सेवक व सेविका, वाहनचालक आणि शिपाई असतात. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते, तर ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या. रुग्ण पुढे पाठवताना तुम्ही एका साखळीतून दुसरीत जात असता, आणि चिठ्ठीवरचा मजकूर हरवतो तो बहुधा याच सांध्यावर. केंद्रातील पदे कागदावर दिसतात तितकी भरलेली नसतात, हेही मनाशी धरून जावे.

गावाचे वर्षही विचारात घ्यावे. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या गावांत दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघून गेल्या की मागे म्हातारी माणसे आणि काही मुले उरतात. तेव्हा गेलात तर वृद्धांची सेवा शिकाल. गरोदर माता आणि तान्ही बाळे पाहायची असतील तर टोळ्या परतल्यानंतर जावे.

पहिले तीन दिवस : दुसऱ्याच्या खुर्चीत

गावात पोहोचताच तपासणी सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि पहिले तीन दिवस प्रत्येकाने आपल्या शाखेशी संबंध नसलेल्या माणसाशेजारी बसावे. वैद्यकीय इंटर्नने एक सकाळ केसपेपरच्या खिडकीत आणि दुसरी औषधे देण्याच्या खिडकीत काढावी. आपण लिहिलेले ‘दिवसातून तीनदा’ हे सकाळी सातला शेतावर जाऊन दिवेलागणीला परतणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोनदाच होते, आणि पाच दिवसांची औषधे लिहिली तरी साठ्यात तीन दिवसांचीच असतात, या गोष्टी तेथे अर्ध्या तासात कळतात. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने लशींच्या शीतपेटीजवळ थांबून, तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मर्यादेत राखण्यासाठी रोज दोन वेळा नोंद कोण करते आणि वीज गेल्यावर काय करतात हे पाहावे. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने प्रयोगशाळेत थुंकीच्या नमुन्याचा प्रवास समजून घ्यावा. फिजिओथेरपीच्या इंटर्नला आरोग्य सेवकाबरोबर तापाच्या रुग्णांच्या सर्वेक्षणाला पाठवावे. एका दिवसात किती चालावे लागते हे कळल्यावर ‘रुग्ण व्यायामाला का येत नाहीत’ हा प्रश्न तो वेगळ्या तऱ्हेने विचारू लागतो.

रोज संध्याकाळी प्रत्येकाने, ज्यांच्या शेजारी बसला त्यांचे काम गटाला पाच मिनिटांत समजावून सांगावे, आणि शक्य तेव्हा ती व्यक्ती समोर असावी. चुकले तर ती तिथेच दुरुस्त करील. मी पाहिलेल्या एका बैठकीत औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी एका इंटर्नला तीन वेळा थांबवले आणि चौथ्या वेळी स्वतःहून चहा मागवला. त्या दिवसापासून तो इंटर्न औषध लिहिण्याआधी खिडकीशी जाऊन साठा विचारू लागला.

आशाताईंच्या मागून

गावातला खरा वर्ग आशाताईंच्या मागे चालताना भरतो. प्रसूती संस्थेत झाली असेल तर त्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन पाहतात; घरी झाली असेल तर पहिल्याच दिवसाची आणखी एक भेट असते. या भेटींचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि त्या कामाचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याआधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावकऱ्यांनी निवडलेल्या, अनेकदा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. दोन्ही ठिकाणी डॉक्टरांनी आपले ज्ञान वाटून टाकले, पण त्याआधी गावाचे ज्ञान मागून घेतले. विद्यार्थ्यांनी या कामांची माहिती वाचूनच निघावे, म्हणजे आशाताईंकडे ‘माहिती गोळा करणारी बाई’ म्हणून पाहण्याची चूक होत नाही.

संबोधनात हलगर्जीपणा नको. ‘ए आशा, इकडे ये’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी ताबडतोब बाजूला घेतो. त्या ‘ताई’ आहेत, परिचारिका ‘सिस्टर’ आहेत, अंगणवाडीतल्या बाई ‘सेविकाताई’ आहेत, आणि घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया ‘आजी’, ‘मावशी’ किंवा ‘काकू’. घरात शिरताना ताईंनी पुढे व्हावे, त्यांनी ओळख करून द्यावी आणि त्यांनी खूण केल्यावरच तुम्ही बोलावे. एखादा प्रश्न त्यांनी टाळला तर तो पुन्हा विचारू नका. त्यामागे बहुधा त्या घराचे काही कारण असते आणि ते त्या बाहेर आल्यावर सांगतात.

एक कुटुंब, एक कागद

आता मुख्य काम. वैद्यकीय अधिकारी आणि आशाताई यांना विचारून प्रत्येक तीन-चार विद्यार्थ्यांमागे एकच कुटुंब घ्यावे, आणि त्या तिघाचौघांच्या शाखा वेगळ्या असाव्यात. एमबीबीएसच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात विद्यार्थी कुटुंबे घेतातच, पण तेथे तो एकटा किंवा आपल्याच वर्गमित्रांबरोबर असतो. येथे अट एवढीच की, चार वह्यांत चार नोंदी न करता सर्वांनी मिळून एका कागदावर लिहावे. कागदावर चार रकाने असावेत : काय आढळले, काय करायचे, कोण करणार, आणि केव्हा. ‘कोण करणार’ या रकान्यात ‘आरोग्य विभाग’ किंवा ‘नातेवाईक’ असे लिहिण्यास बंदी करावी; तेथे माणसाचेच नाव यायला हवे.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका घराच्या उदाहरणाने सांगतो. लकवा होऊन चार महिने झालेल्या, उजवी बाजू लुळी पडलेल्या एक आजी. मुलगा चालक, बहुधा बाहेर. सून रोजंदारीवर जाते. घरात नऊ वर्षांचा नातू. पहिल्या भेटीनंतर फिजिओथेरपीच्या इंटर्नने आठ व्यायाम लिहून दिले. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने कमरेखाली त्वचा लाल झालेली पाहिली आणि दर दोन तासांनी कूस बदलावी असे लिहिले. वैद्यकीय इंटर्नला जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी स्कॅनसाठी पाठवायचे होते. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने उशाशी ठेवलेल्या तीन पिशव्या उघडल्या, तेव्हा रक्तदाबाचे एकच औषध दोन वेगळ्या नावांनी दोन पिशव्यांत निघाले. चौघांचेही लिहिणे पुस्तकाप्रमाणे बरोबर होते, पण सून सकाळी आठला निघून संध्याकाळी सहाला येते, हे कागदावर कोठेच नव्हते.

मग कागद पुन्हा लिहिला गेला. आठ व्यायामांचे दोन झाले, आणि ते सकाळच्या चहाशी व रात्रीच्या जेवणाशी बांधले गेले. दुपारी कूस बदलायला कोण येईल यावर आशाताईंनी शेजारच्या चुलत जावेचे नाव सुचवले. दोघींचा अबोला होता, तोही ताईंनीच मोडला. दर दोन तासांनी होणार नव्हतेच, म्हणून जुन्या गोधड्यांच्या घड्या कशा लावाव्यात म्हणजे हाडांवर कमी भार येतो, हे नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून ठरवले. आजींना उठवताना लुळा हात धरून ओढू नये, खांदा दुखावतो. आणि भरवताना त्यांना नीट बसवावे, आडवे असताना घास देऊ नये, या दोन गोष्टी नातवालाही करून दाखवल्या. गोळ्यांची एक पिशवी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून बाद केली. सीटी स्कॅनचा विषय इंटर्नने स्वतःच सोडला, कारण इतक्या दिवसांनी त्यातून उपचार बदलणार नव्हता आणि गाडीभाड्याला मात्र दोन दिवसांची मजुरी गेली असती. त्याऐवजी दर आठवड्याला समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी रक्तदाब पाहायचा असे ठरले. या सगळ्याला तीन भेटी आणि दोन भांडणे लागली. भांडणे आवश्यक होती असेच माझे मत आहे, कारण आपल्या आठ व्यायामांपैकी सहा कोणीतरी खोडतो तेव्हा जे समजते ते व्याख्यानात समजत नाही.

घरात एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांनी शिरू नये. एकाने बोलावे, एकाने लिहावे, आणि पुढच्या भेटीत भूमिका बदलाव्यात. बोलण्याची पहिली पाळी वैद्यकीय विद्यार्थ्याला देऊ नये.

बोलायचे कसे, आणि न ऐकल्यास काय करायचे

संध्याकाळची बैठक रोज अर्ध्या तासाची, मोबाइल बाजूला ठेवून. ज्यांच्या शाखेला एरवी शेवटी विचारतात त्यांनी आधी बोलावे. आकडे वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये; आज आपण कोणाकडून काय मागितले, कोणाला काय सांगायचे राहिले, आणि उद्या कोणावाचून आपले अडणार आहे, एवढ्यावरच बोलावे.

रुग्णाची माहिती दुसऱ्याकडे सोपवताना चार गोष्टी क्रमाने सांगण्याची सवय लावावी : आता काय घडते आहे, मागची हकीकत काय, मला काय वाटते, आणि तुमच्याकडून मला काय हवे. रुग्णालयांत ही पद्धत ‘एसबार’ या नावाने रूढ आहे. नर्सिंगची विद्यार्थिनी इंटर्नला म्हणेल, ‘सर, सकाळी प्रसूत झालेल्या बाईंचे कपडे तासाभरात दोनदा बदलावे लागले आहेत. ही त्यांची चौथी खेप आहे आणि आधीच रक्त कमी होते. मला वाटते रक्तस्राव जास्त होतो आहे. तुम्ही आत्ता येऊन पाहावे.’ शेवटच्या दोन वाक्यांपाशी आपल्याकडे जीभ अडखळते. ‘सर, जरा बघता का’ एवढ्यावर काम भागवले जाते, आणि जरा बघणे तासाभराने होते. म्हणून गटाने पहिल्याच दिवशी एक नियम ठरवावा : शंका दोनदा स्पष्ट शब्दांत सांगायची, तरीही दखल घेतली गेली नाही तर थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जायचे, आणि याचा राग कोणी धरायचा नाही.

याची तालीम खोट्या प्रसंगावर करावी. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा प्रसंग उत्तम, कारण पहिल्या मिनिटात बाळाला कोरडे करणे, ऊब देणे, मान योग्य स्थितीत ठेवणे आणि गरज असल्यास बॅग व मास्कने श्वास देणे, यांसाठी अनेक हात लागतात. बाहुली घ्या, घड्याळ लावा, आणि म्होरकेपण प्रसूतिगृहातल्या सिस्टरांकडे द्या. इंटर्नने वेळ मोजावी आणि १०८ ला फोन लावण्याचे काम करावे. असंख्य प्रसूती केलेल्या सिस्टरांच्या सूचना नुसते ‘हो’ म्हणून पाळणे काही इंटर्नना बरेच जड जाते, म्हणून तालीम एकदा करून पुरत नाही.

राहणे, जेवणे आणि भांडी

निवासाची सोय हा वेगळा विषय वाटेल, पण गटातली उतरंड सर्वांत लवकर दिसते ती स्वयंपाकघरात. पाणी कोणी भरायचे, भांडी कोणी घासायची, पंखा असलेली खोली कोणाला मिळाली, हे पाहिले की दिवसा उपकेंद्रात कोण कोणाचे ऐकते याचा अंदाज येतो. पाळी लावावी, कागदावर लिहून भिंतीला चिकटवावी, आणि तीत शाखा किंवा मुलगा-मुलगी असा भेद करू नये. मुलींच्या निवासाची जागा, दाराची कडी आणि शौचालय शिक्षकांनी आधी स्वतः जाऊन पाहून यावे.

शिक्षकांसाठी

लॉगबुकातल्या सह्या मोजून गुण दिले तर विद्यार्थी सह्याच गोळा करतील. त्यात त्यांचा दोष नाही. कुटुंबाच्या त्या एका कागदासाठी गटातल्या सर्वांना सारखेच गुण द्यावेत. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या गुणांचा काही भाग नर्सिंगच्या शिक्षिकांच्या हाती असावा आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या गुणांचा काही भाग इतरांच्या. महाविद्यालयाच्या नियमांत हे बसत नसेल तर निदान लेखी अभिप्राय घ्यावा. आशाताईंना मी नेहमी एकच प्रश्न विचारतो : ‘यांच्यातल्या कोणाला पुन्हा पाठवले तर चालेल?’ उत्तर थोडक्यात मिळते, आणि बहुतेक वेळा ते माझ्या अंदाजाहून वेगळे असते.

एका वेळच्या शिबिराचा उपयोग मर्यादित असतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाची तुकडी एक गाव दत्तक घेते, १५ दिवस तेथे शिबिर करते आणि नंतरही त्या गावाला जात राहते. गावाशी असे टिकणारे नाते शक्य नसेल, तर एका तुकडीने घेतलेली कुटुंबे पुढच्या तुकडीकडे सोपवण्याची सोय तरी करावी.

निघताना

शेवटचे दोन दिवस नवीन काही सुरू करू नये. कुटुंबाला ‘आम्ही पुन्हा येऊ’ असे सांगू नये, कारण बहुधा तुम्ही येणार नसता. त्याऐवजी यापुढे कोण येणार आहे ते सांगावे आणि शक्यतो त्यांना बरोबर घेऊनच जावे. घरातल्यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत, आजींनी हसून परवानगी दिली असली तरीही. कागदाची मूळ प्रत उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावी आणि आशाताईंना ती वाचून दाखवावी. त्या काही खोडायला सांगतील तर खोडावे. तुमच्या वहीत उतरवून घ्याल त्या मजकुरात कुटुंबाचे नाव नको. शेवटच्या ओळीत पुढच्या भेटीची तारीख लिहावी, आणि त्या दिवशी जी व्यक्ती जाणार तिच्याच हाताने तिची सही घ्यावी.